तोंड चालवायला व्हिसा लागत नाही

ताई राहते त्या देशात जायला व्हिसा लागत नाही हे कळलं आणि मामा हुरळून गेले. भाच्याचं लग्न, आणि मामांचं स्वतःचं केशकर्तनाचं दुकान!

विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "कशासाठी आलात?"

"भाच्याच्या लग्नाला," मामा छाती फुगवून म्हणाले. "नवरदेवाचे केस मीच कापणार. धंदाच आहे आपला!"

बाईंचा उचललेला शिक्का तसाच हवेत राहिला.

मामांची रवानगी बाजूच्या खोलीत झाली. तिथल्या साहेबांनी बॅगेतून कात्र्या, मशीन, कंगवे बाहेर काढले.

"साहेब, पैसे थोडेच घेणार आहे? घरचाच मुलगा!"

"फुकट केलंत तरी ते कामच. बिनव्हिसाचे पाहुणे तुम्ही. फिरा, जेवा, नाचा. काम करायचं नाही, मुदत वाढवून मागायची नाही. आणि आत सोडायचं की नाही, तेही आम्हीच ठरवणार."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. परतीचं तिकीट दाखवलं, साहेबांनी ताईला फोन करून खात्री केली, मामांनी काम न करण्याचा शब्द दिला, तेव्हा कुठे सुटका झाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी भाचा झिपऱ्या घेऊन हजर. मामांच्या भरवशावर त्याने कुठेच वेळ घेतली नव्हती आणि आता सगळी दुकानं भरलेली.

"काप रे, घरात कोण बघतंय?" ताई म्हणाली.

"शब्द दिलाय. तूच काप, मी सांगतो. तोंड चालवायला व्हिसा लागत नाही."

ताईने स्वयंपाकघरातली कात्री उचलली. मामा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"कंगवा आडवा धर. आडवा! अगं, भाजी चिरतेस का?"

"गप्प बस, नाहीतर तुझेच कापीन!"

"गप्प बसलो तर कापशील कशी?"

भाच्याने डोळे घट्ट मिटून घेतले. डावी बाजू जास्त गेली म्हणून उजवी कापली, मग उजवी जास्त गेली. बहीणभावाचं भांडण मिटेपर्यंत डोक्यावर जेमतेम बोटभर केस उरले.

दुसऱ्या दिवशी नवरीने त्याला पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि पोट धरून हसली. "अरे, तुला कान आहेत?"

"मी कापले!" ताईने सगळ्या पाहुण्यांना ऐकवलं.

मुदत संपली म्हणून मामा निघाले तेव्हा ताई हिरमुसली. "इतक्यात चाललास? पुढच्या वेळी रीतसर व्हिसा काढून ये. धड भांडायलासुद्धा वेळ पुरला नाही."