सिद्धूच्या दंडावरचा पारा

मित्रांनो, रक्तदाबमापक हे माझं खरं नाव. ते इतकं लांब आहे की आमच्या गावात कोणी घेत नाही. कोणी मला ‘बीपीची पेटी’ म्हणतं, कोणी नुसतं ‘डबी’. मी जुना आहे, पाऱ्याचा आहे. करड्या रंगाची पत्र्याची पेटी, झाकण उघडलं की उभी राहणारी काचेची नळी, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढंच माझं शरीर. माझं आयुष्य सांगण्यासारखं आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सांगून बघतो. कंटाळा आला तर झाकण लावून टाका, मी रागावणार नाही.

माझी पहिली आठवण एका श्वासाची आहे. कारखान्यात एक चष्मेवाला कारागीर माझ्यात पारा भरत होता. पारा सांडला तर त्याचे शंभर थेंब होऊन पळतात आणि ते विषारी असतात, म्हणून त्याने श्वास रोखून धरला होता. पारा शून्याच्या रेघेवर येऊन स्थिर झाला, तेव्हा त्याने तो श्वास सोडला. माझ्या काचेवर धुकं आलं आणि हळूहळू विरून गेलं. आपला जन्म असा धुक्यातून झाला, असं मला वाटत राहतं.

पुढची कितीतरी वर्षं मी डोंगरातल्या एका फौजी दवाखान्यात होतो. खिडकीबाहेर बर्फ पडायचा. मला तिथं हंबीरराव भेटले. साताऱ्याकडचे हंबीरराव तेव्हा रुग्णसेवेच्या कामाला होते. त्यांचा हात उबदार होता. ते माझा पट्टा जवानाच्या दंडाला गुंडाळायचे, फुगा दाबायचे, आणि मग हवा हळूहळू सोडत कानात नळी घालून ऐकत राहायचे. मित्रांनो, त्या वेळी मीही ऐकत असतो. माणसाचं रक्त लांबून चालत येणाऱ्या पावलांसारखं वाजतं. कुणाच्या दंडात मला बर्फातली पावलं ऐकू यायची, कुणाच्या दंडात वाळूतली. एका पोराच्या दंडात तर नांगरलेल्या रानातून धावणारी अनवाणी पावलं होती. हे खरंच ऐकू येत होतं की मी कल्पना करत होतो, कोण जाणे.

हंबीरराव हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा दवाखान्यात नवी यंत्रं आली होती आणि मला मोडीत काढलं होतं. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी मला त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, “ले जाओ, गाँव में काम आएगा.” मी त्यांच्या ट्रंकेत गरम कपडे आणि पुस्तकं यांच्यामध्ये झोपून गावी आलो.

आमचं गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर आहे, म्हणजे कुणाच्याच जवळ नाही. इकडं पाऊस कमी, माळ जास्त. ज्यांना थोडं पाणी मिळालं त्यांनी ऊस केला, बाकीच्यांनी मेंढरं राखली, आणि दोन्हींकडची पोरं फौजेत गेली. माजी सैनिकांचा दवाखाना सातारला. तिथं जायला दोन एसट्या बदलाव्या लागायच्या. मोठं दुखणं असेल तर मिरजेला, त्यालाही दोनच एसट्या, पण दुसरीला बसायला जागा नसायची. ज्यांनी तरुणपणी पाठीवर ओझं घेऊन हिमालय चढला, त्यांचे गुडघे आता एसटीच्या पायरीला घाबरत. मग माणसं जायचीच नाहीत.

म्हणून हंबीररावांनी मला गावच्या वाचनालयात ठेवलं. दर मंगळवारी दुपारी ते तिथं बसून सगळ्यांचा रक्तदाब मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचे. एरवी माझी जागा कपाटात, जुन्या दिवाळी अंकांच्या शेजारी. दुपारचं ऊन काचेतून यायचं, कागदाचा वास यायचा, पारा पोटात पेंगायचा. मला ते दिवस फार आवडले. पुस्तकांच्या शेजारी राहिलं की आपल्याला बरंच काही कळतं असा भास होतो. तो भासच असतो.

याच काळात हंबीररावांनी सातारच्या दवाखान्याला अर्ज लिहायला घेतले. दवाखाना माणसांपर्यंत येत नसेल तर म्हाताऱ्यांनी काय करायचं, असं ते साध्या शब्दांत लिहायचे, वाचून बघायचे, पुन्हा लिहायचे. दोन वर्षं गेली. आणि मग एका गुरुवारी फिरत्या दवाखान्याची पांढरी गाडी वाचनालयासमोरच्या चिंचेखाली येऊन उभी राहिली. गाडीतून उत्कर्षा नावाच्या तरुण डॉक्टर उतरल्या. त्या म्हणाल्या, “दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी येणार. पण चार वाजता निघावं लागेल. पुढचं गाव आहे. तेवढ्या वेळात वीस-बावीस जण होतील.”

गावात नावं निघाली तेवीस. हंबीररावांनी यादी केली, आणि मित्रांनो, चूक इथंच झाली. पण ती चूक आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण फौजेत आयुष्य काढलेल्या माणसांना दुसरी कसली यादी ठाऊकच नव्हती. सगळ्यात वर सुभेदार, त्याखाली नायब सुभेदार, मग हवालदार, मग नाईक. विधवा बायकांची नावंसुद्धा त्यांच्या नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे. आणि तेविसावं नाव सिद्धूचं. गावात सिपाही म्हणूनच निवृत्त झालेला तो एकटाच होता. तो मेंढपाळाच्या घरचा, शाळा फारशी शिकलेला नव्हता. बढतीच्या परीक्षेला तो कधी बसलाच नाही.

पहिल्या महिन्यात डॉक्टर विसाव्या नावापर्यंत पोचल्या. दुसऱ्या महिन्यात बाविसाव्या. चार वाजले तेव्हा त्यांनी गाडीतून डोकं बाहेर काढून विचारलं, “कोणी राहिलं का हो?”

चिंचेच्या बुंध्याजवळून सिद्धूच म्हणाला, “न्हाई मॅडम. समदं झालं.”

गाडी गेली. सिद्धू मेंढरांकडे गेला.

पुढच्या मंगळवारी तो वाचनालयात आला. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागून. हंबीररावांनी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. सिद्धूच्या दंडात मला आजवर मेंढरांच्या कळपाची मऊ, एकसारखी पावलं ऐकू यायची. त्या दिवशी कळप उधळला होता. पारा वर वर गेला आणि खाली यायला तयार होईना. दोनशे दहा.

हंबीररावांनी नळी कानातून काढली, माझ्यावर टिचकी मारली आणि विचारलं, “सिद्धू, डोकं बिकं दुखतंय का रं?”

“न्हाई सायेब. ठीक हाय. आत्ताच माळावनं चालत आलोय की.”

बाकावर सुभेदार बाळासो बसले होते. ताठ मानेचे, पिळदार मिशांचे, गावातले सगळ्यात मोठे हुद्देदार. ते म्हणाले, “दोनशे दहावाला माणूस असा उभा ऱ्हाईल व्हय? पेटी म्हातारी झालीया हंबीर. आता तुझ्यासारखीच तीबी कायबाय बोलायची.”

सगळे हसले. हंबीररावही हसले, पण थोडे उशिरा. वहीत त्यांनी तो आकडा लिहिला, त्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि मला कपाटात ठेवून दिलं.

त्यानंतरचे मंगळवार मी बाहेर निघालो नाही. मित्रांनो, तुम्हाला कधी असं झालंय का, की आपण पाहिलेलं खरं सांगावं आणि सगळ्यांनी हसावं? मग थोड्या वेळाने आपल्यालाच वाटू लागतं, आपलंच चुकलं असेल. मी अंधारात पडून तेच घोकत राहिलो. नळीत धूळ गेली असेल. पारा जुना झाला असेल. दुपारी स्वप्नासारखं काहीतरी दिसायचं. मोकळा माळ, त्यावर उधळलेली मेंढरं, आणि त्यांच्यामागं सावकाश चालत येणारा एक माणूस. मी त्याला हाक मारायला बघायचो. पण मला आवाज नाही. मला फक्त आकडा आहे, आणि तोही कुणी विचारला तर.

तिसऱ्या महिन्याचा दुसरा गुरुवार आला. गाडी चिंचेखाली उभी राहिली. त्या दिवशी सिद्धूबरोबर त्याची बायको हरणाबाई आली होती. ती रांगेत बसली नाही. पदर खोचून तडक वाचनालयाच्या पायरीवर आली. हंबीरराव तिथं यादी घेऊन नावं पुकारत होते.

“आवं भावजी, ह्यांचं नाव कवा येणार?”

“येणार की वैनी. तेविसावं हाय.”

“तेविसावं कशापायी? आमी तर नवाला आलोय. समद्यांच्या आदी.”

हंबीरराव समजावू लागले, “तसं नसतं वैनी. यादी हुद्द्यापरमाणं असती.”

“दुखणं फिती मोजून येतं व्हय?” हरणाबाई म्हणाली. “सकाळपास्नं ह्यांना सदऱ्याचं बटन लागंना. डावा हात जड पडलाय म्हनत्यात. न्हाई, म्हनत न्हाईत. मीच बघितलंय.”

मागून सिद्धू पुटपुटला, “गप गं. माणसं बघत्यात.”

“बघू द्यात. भावजी, तुमच्या त्या डबीनं मागं ह्यांचं काय सांगितलं हुतं?”

“ती बिघडलीया, वैनी.”

“त्याच दिशी सुभेदारसायबांचं काय आलं हुतं?”

हंबीररावांनी वही उघडली. “एकशे पन्नास.”

“ते खरं?”

“खरंच की. त्यांचं तेवढंच असतं.”

“मग डबी काय माझ्याच माणसावर बिघडली?”

हंबीरराव वहीच्या त्या पानाकडे बघत राहिले. एका तारखेखाली अकरा आकडे होते. दहांवर त्यांनी विश्वास ठेवला होता आणि एकावर प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते उठले, कपाट उघडलं आणि मला बाहेर आणलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा हात गार लागला.

पट्टा गुंडाळला. पारा चढला. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, मीच चुकीचा निघालो तर किती बरं होईल. मला मोडीत टाका, पण हा आकडा खोटा ठरू दे. दोनशे अठ्ठावीस. सिद्धूच्या दंडातला कळप आता माळभर उधळला होता.

“चल सिद्धू,” हंबीरराव म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. गाडीत.”

सिद्धू हलला नाही. गाडीच्या दारात सुभेदार बाळासो उभे होते. त्यांचं नाव नुकतंच पुकारलं होतं. सिद्धूने त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. “सायबांच्या आदी? न्हाई जमायचं, सायेब. माझा नंबर येईल तवा जातो.”

“अरं हात बघ तुझा.”

“येईल तवा जातो.”

हरणाबाईने त्याचा उजवा हात धरून ओढला. तो ओढला गेला नाही. ज्या माणसाने पंधरा वर्षं हुकूम ऐकला, त्याला विनवणी कशी ऐकायची ते माहीत नव्हतं. उन्हात पांढरी गाडी लखलखत होती आणि सगळं एखाद्या जुन्या फोटोसारखं थांबलं होतं.

मग सुभेदार बाळासो गाडीच्या दारातून बाजूला झाले. त्यांनी टाचा जुळवल्या. इतक्या वर्षांत गावाने न ऐकलेला, परेड मैदानावरचा आवाज त्यांच्या छातीतून निघाला.

“सिपाही सिद्धू. आगे बढ.”

सिद्धूचा पाय आपोआप उचलला गेला. एक, दोन, तीन. डावा पाय जरा ओढत, पण ताठ. दारापाशी त्याने सलाम केला आणि आत गेला. सुभेदार तसेच उभे राहिले. तो आत गेल्यावर मात्र त्यांनी खिशातून रुमाल काढून मिशा पुसल्या, आणि मिशांना काही लागलेलं नव्हतं.

डॉक्टर उत्कर्षांनी त्याला तपासलं आणि त्या दिवशी पुढं कुणाचं नाव पुकारलं नाही. गाडी सिद्धूला आणि हरणाबाईला घेऊन मिरजेच्या इस्पितळाकडे निघाली. जाताना त्या हंबीररावांना म्हणाल्या, “वेळेत आले, काका. आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं.” हंबीररावांनी मान खाली घातली. गाडी आधी दोनदा येऊन गेली तरी सिद्धूचा नंबर लागला नव्हता, हे त्यांना तेव्हा सांगवलं नाही. ते त्यांनी पुढच्या महिन्यात सांगितलं, सगळ्यांसमोर, उभं राहून.

सिद्धू अकरा दिवसांनी परत आला. डावा हात थोडा मंद झाला आहे. बटन आता हरणाबाई लावते आणि लावताना त्याला चार शब्द ऐकवते. मेंढरं त्याने भावाकडं दिली आहेत, चार ठेवून. चारांचा नाद काही सुटत नाही.

आता आमच्या गावातली यादी वेगळी असते. गाडी यायच्या आदल्या दिवशी हंबीरराव मला पिशवीत घालून घरोघर फिरतात. प्रत्येकाचा आकडा घेतात, काय दुखतंय ते विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत ओट्यावर बसून राहतात. मग ज्याला जास्त त्रास त्याचं नाव वर. नावापुढं हुद्दा लिहीत नाहीत. मागच्या महिन्यात सुभेदार बाळासो चौदावे होते. ते बाकावर बसता बसता म्हणाले, “जलमात पयल्यांदा असा मागं बसलोय गड्यांनो. हितनं लय वेगळं दिसतं.” आणि गाडी चार वाजता निघत नाही. डॉक्टरांनी वर कळवलं, सुभेदारांनीही सही केली, आणि आता गाडी महिन्यातून दोनदा येते.

मित्रांनो, पाऱ्याची यंत्रं आता बंद होत आली आहेत, आणि ते योग्यच आहे. माझी काच फुटली तर माझ्यातलं विष घरात सांडेल. लवकरच माझ्या जागी आकडे उजळणारं नवं यंत्र येईल. मला नीट बांधून, जिथं द्यायचं तिथं द्या, एवढीच काळजी माझी घ्या. पण एक मागणं आहे. मागण्याचा मला अधिकार आहे का, ठाऊक नाही. तरी मागतो.

तुमच्या गावात दवाखाना आला, शिबिर आलं, गाडी आली, तर एकदा रांगेच्या शेवटी जाऊन बघा. तिथं कुणीतरी ताठ उभं असेल आणि काही मागत नसेल. त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याचा हात हातात घ्या. तुमच्याकडं पारा नसला तरी चालेल. थोडा वेळ गप्प राहिलात, तर लांबून चालत येणारी पावलं तुम्हालाही ऐकू येतील.