चतुराबाईचा जबाब

तेजस्विनी बोरस्तेला सरिता भोये पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती, असं म्हणणं खोटं ठरेल. पहिले दोन महिने ती तिला चक्क आवडत होती. सुरगाण्याकडच्या डोंगरातून आलेली, होस्टेलवर राहणारी, मागच्या बाकावर बसून गुपचूप लिहिणारी मुलगी कोणालाही आवडते. ती पुढच्या बाकावर येईपर्यंत आवडते.

एम.ए.ला गुन्हेगारशास्त्र घेणाऱ्या त्या वर्गात पुढचा बाक तेजस्विनीचा होता, आणि तो तिला वडिलोपार्जित वाटायचा. त्यात तिची फार चूक नव्हती. तिचे वडील, म्हणजे घरातले नाना आणि बाहेरचे फकिरा हवालदार, पस्तीस वर्षं पोलीस खात्यात होते आणि त्यातली पंचवीस त्यांनी वेगवेगळ्या ठाण्यांत रायटर म्हणून काढली होती. रायटर म्हणजे गुन्ह्याचे कागद लिहिणारा माणूस. पंचनामा, फिर्याद, साक्षीदारांचे जबाब, सगळं त्यांच्या हातचं. इतर मुलींना झोपताना राजाराणीची गोष्ट मिळाली, तेजस्विनीला 'सदर इसम घटनास्थळी मिळून आला' मिळालं. बाकीच्यांना जे शब्द पुस्तकातून पाठ करावे लागत होते, ते ती लहानपणापासून घरात ऐकत आली होती.

मग ज्ञानेश सरांनी एक रेकॉर्डिंग ऐकवलं. पंचवटीतल्या भाजीबाजारात झालेल्या भांडणाबद्दल एक भाजीवाली बोलत होती. तिचं ऐकून सगळ्यांनी जबाब लिहायचा होता. तेजस्विनीने दीड पान असं झोकदार लिहिलं की कुठल्याही ठाण्यात ते तसंच्या तसं खपलं असतं. सरितेने बाई बोलली तसं लिहिलं, अर्धी वाक्यं, मध्येच 'थांबा, आधी टोपली सांगते' यासकट. त्यात न आणि ण यांचा सावळागोंधळ होता. सरांनी तोच जबाब वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, "बघा, बाई समोर उभी राहिली." तेजस्विनीच्या कागदावर त्यांनी लिहिलं होतं, 'भाषा उत्तम'. ही शिवी असू शकते, हे तिला त्या दिवशी कळलं.

तिथून तिच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना. सर एका तासात किती वेळा 'सरिता म्हणते तसं' म्हणतात, हे ती वहीच्या कडेला रेघा मारून मोजायची. एकदा नऊ झाल्या. सरितेची छत्रीसुद्धा तिला आगाऊ वाटायला लागली. आणि सरितेला याचा पत्ताच नव्हता, हे तर सगळ्यात वाईट. ती मधल्या सुट्टीत नागलीची भाकरी पुढे करायची, 'घे ना तेजस्विनी' म्हणायची, आणि तेजस्विनीला ती घ्यावी लागायची. भाकरी चांगली असायची.

दुसऱ्या सत्रात सरांनी जाहीर केलं की नाशिकरोडच्या तुरुंगात खटला सुरू होण्याची वाट बघत पडलेल्या कैद्यांच्या मुलाखती घ्यायचा प्रकल्प मंजूर झालाय, आणि सोबत एकच विद्यार्थी नेता येईल. नावं दोनच उरली होती. ती कोणती, हे सांगायला नको.

"दोघींनी एकेक खरा जबाब आणा," सर म्हणाले, "आणि तो चांगला का, ते वर्गाला समजावून सांगा. मग ठरवू."

तेजस्विनी त्या दिवशी निमाणीच्या स्टँडवरून घरापर्यंत जवळजवळ उड्या मारत गेली. चांगला जबाब म्हटल्यावर तिच्या घरात एकच होता. नानांनी त्याची कार्बन कॉपी काढून ठेवली होती. नियमाने ती घरी असायला नको होती, पण काही माणसं पहिल्या पगाराचं पाकीट जपतात, नाना चतुराबाईचा जबाब जपत होते. हकिगत सगळ्या घराला पाठ होती. द्राक्षाच्या छाटणीला डोंगराकडून मजूर आले होते. मळ्यातल्या झोपडीत एक तरणी सून उलट्या होऊन मेली. शेजारच्या झोपडीतल्या चतुराबाईने पोलिसांना सांगितलं की सासूने, म्हणजे मैनाबाईने, सुनेला काहीतरी पाजलं. नानांनी जबाब असा बांधला की साहेबांनी पाठ थोपटली. आणि मग कोर्टात चतुराबाई फितूर झाली, उलटली. "मी तसं नाय म्हटलं" असं जजसमोर म्हणाली. पोटातल्या अवयवांच्या तपासणीत, म्हणजे व्हिसेरात, विष निघालं नाही. मैनाबाई सुटली. इतका सुबक कागद बाईने मातीमोल केला, याचं दुःख नाना आजही पाहुण्यांना सांगत असत.

वर्गात तेजस्विनीने तो खणखणीत आवाजात वाचला. "'मयत हिस तिची सासू मैना हिने कोणतेतरी विषारी औषध पाजल्याचे मी समक्ष पाहिले. वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.'" मग वेळ, जागा, क्रम, एकही खाडाखोड नाही, सगळं तिने बोटावर मोजून दाखवलं. शेवटी नानांचं नाव सांगितलं.

सरितेने हात वर केला. "ही बाई कुठली होती?"

"तुमच्याकडचीच. पेठ का सुरगाणा."

"मग 'विषारी' हा शब्द तिचा होता?"

"म्हणजे?" तेजस्विनी हसली. "औषध म्हटल्यावर दुसरं कोणतं असणार? आमच्या गावाला जाऊन विचार. माणूस औषध मारायला गेलाय म्हणजे बागेत फवारायला गेलाय. औषध प्यायला म्हणजे मेला."

"द्राक्षवाल्यांत तसं असेल," सरिता म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यात काही टोचणारं नव्हतं. "आमच्यात औषध म्हणजे औषध. ताप आला, उलट्या झाल्या, की सासू मुळी उगाळून पाजते. माझ्या आजीने मला किती वेळा पाजलंय."

सरांनी विचारलं, "ती सासू आत किती दिवस होती?"

"अडीच वर्षं," तेजस्विनी म्हणाली. हा आकडाही तिला पाठ होता. आजवर त्याला काही वजन नव्हतं.

मग सरितेने तिचा जबाब समजावून सांगितला, आणि सरांनी तिचंच नाव ठरवलं. तेजस्विनीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. बाजी गेली याचं दुःख होतंच. पण त्या मागच्या बाकावरच्या पोरीने नानांच्या कागदाला हात घातला, तोही इतक्या साधेपणाने की उलट भांडायलाही जागा ठेवली नाही. घरी जाताना बसमध्येच तिने मोबाइल काढला आणि सरांना तक्रार लिहिली. घरचं वळण होतं, पाच मिनिटांत झाली. 'सरिता भोये हिने संपूर्ण वर्गासमक्ष माझे वडिलांस खोटारडे संबोधून त्यांची व माझी बदनामी केली.' पाठवून टाकली.

होळकर पुलावर बस असतानाच उत्तर आलं. तुरुंगाच्या परवानगीसाठी वर्तणुकीचा दाखला लागतो. तक्रार उभी असेल तर सरितेचं नाव पाठवता येणार नाही. उद्या अकराला दोघींनी केबिनमध्ये या.

तेजस्विनीने ते तीनदा वाचलं. खरं सांगायचं तर तिला इतका आनंद झाला की ती सीटवरच उसळली आणि शेजारच्या बाईने सरकून जागा दिली.

नाना ओट्यावर मेथी निवडत बसले होते. तिने चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "नाना, चतुराबाई नेमकं काय म्हणाली होती हो? तिच्या तोंडचा शब्द?"

नानांना या विषयाचा कधी कंटाळा नसे. "काय म्हणायची? सासूनं औषध पाजलं म्हनली."

"विषारी म्हणाली?"

"ती कशाला म्हनंल विषारी? ते आपण घालायचं असतं, बाई. नुसतं औषध लिवलं तर साहेब कागद तोंडावर फेकायचे. कोणतेतरी विषारी औषध, असंच लिवत्यात. अर्थ त्योच निघतो ना." त्यांनी मेथीची जुडी झटकली. "लय घाई असायची तवा. आन बाई तरी कुठं धड बोलत होती, त्यांची बोली आपल्याला निम्मी कळत नाय."

"तुम्ही तिला वाचून दाखवला होता?"

"तसं लिवावं लागतं शेवटी," नाना म्हणाले. ते काही लपवत नव्हते. लपवण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं.

तेजस्विनी आत गेली. नानांवर चिडावं, तर नानांनी मैनाबाई अडकावी म्हणून काही केलं नव्हतं. त्यांनी फक्त कागद नीट केला होता. तिने मोबाइल उघडून स्वतःचा कागद पाहिला. तोही नीट होता.

सकाळी अकराला केबिनमध्ये सरिता आधीच येऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. सरांनी तक्रार वाचली आणि विचारलं, "सरिता, 'खोटारडे' म्हणालीस?"

तेजस्विनीला वाटलं, आता ही नाकारेल, मग आपण 'अर्थ तोच होता' म्हणू. उत्तर तयार होतं. पण सरितेने नाकारलं नाही.

"आठवत नाही, सर," ती हळू म्हणाली. "बोलण्याच्या भरात गेलं असेल तोंडातून. तेजस्विनीला तसं वाटलं असेल तर माझी चूक. माफीचा अर्ज देते मी." आणि तिने खरोखरच पिशवीतून कोरा कागद काढला. "काय लिहायचं ते सांगा. तसं लिहिते."

बघता बघता ती न बोललेलं कबूल करायला निघाली होती, तेही शुद्धलेखनाच्या चुकांसकट. वर्गात एवढी धीट असलेली मुलगी टेबलापलीकडे साहेबाची खुर्ची आली की अशी होते, हे तेजस्विनीने कधी पाहिलं नव्हतं. तेजस्विनी गप्प राहिली असती तर जागा तिची होती. आणखी अर्धं मिनिट, बस. ती ते अर्धं मिनिट जवळजवळ गप्प राहिलीही. सरितेने 'मी, सरिता' इथपर्यंत लिहिलं.

"ती तसं म्हणाली नाही," तेजस्विनी म्हणाली. "तो शब्द मी घातला."

सरांनी चष्मा काढला. "का?"

"तिचा राग येतो म्हणून."

"कशाचा?"

"चांगली आहे म्हणून," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं, त्याचाही तिला राग आला. सरितेच्या हाताखालचा कागद ओढून घेऊन 'मी, सरिता' वर काट मारून तिने खाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि काय घडलं ते पाच ओळींत लिहून दिलं. भाषा मुळीच उत्तम नव्हती.

जागा सरितेला मिळाली. त्यात कोणाला शंका नव्हती. तेजस्विनीला वर्षअखेरपर्यंत सरांनी कुठल्याच प्रकल्पावर घेतलं नाही, आणि तेही बरोबरच होतं.

बाहेर जिन्यात सरिता तिच्यासाठी थांबली होती. "बरं झालं, तू बोललीस," ती म्हणाली. "मी कितीही नाही म्हटलं असतं, तरी माझं कोणी ऐकलं असतं का?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिने ते 'आज ऊन आहे' म्हणावं तसं म्हटलं, आणि तेजस्विनीला माहीत होतं की ते खरं आहे. काल बसमध्ये तिला झालेला सगळा आनंद याच खात्रीवर उभा होता.

तिला वाटलं होतं, खरं बोलून टाकलं की सरितेबद्दलचं जळणं थांबेल. ते थांबलं नाही. सरिता तुरुंगातल्या मुलाखतींची नवी कोरी फाइल छातीशी धरून जिना उतरत होती, आणि तेजस्विनीच्या पोटात पहिल्यासारखंच दुखत होतं. तरीही ती तिच्या मागोमाग दोन पायऱ्या उतरली आणि म्हणाली, "ऐक. आत गेलीस की आधी विचार, त्यांच्या कागदात कोणी काय घातलंय. त्यांचे शब्द कोणते, ते वेगळे लिही."

"लिहीन," सरिता म्हणाली. "आणि नानांना सांगशील ना, ती चतुराबाई कोर्टात खरं बोलली होती म्हणून?"

तेजस्विनीने हो म्हटलं. त्या संध्याकाळी ती निमाणीला उतरली आणि घरी न जाता बराच वेळ गोदाघाटावर बसून राहिली, कारण नाना ओट्यावर असणार होते.