कुठवर आलं विधेयक

"आता सांगतो त्यावर तुम्ही काय, तुमची सावलीसुद्धा विश्वास ठेवायची नाही." पट्टेमामाची प्रत्येक गोष्ट अशी सुरू व्हायची. आणि सावलीचं सोडा, मामाचा स्वतःचाही त्या गोष्टीवर विश्वास नसायचा. पण ऐकणारा मान डोलवायला लागला, की हळूहळू त्यालाही वाटायला लागे की असंच घडलं असावं.

मामा विधिमंडळात होता. आमदार नव्हता, हे बघताक्षणी कळायचं, कारण तो वेळेवर यायचा. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतभर लाकडी फळा होता. प्रत्येक विधेयकाची त्यावर एक वीतभर पाटी, खिळ्याला टांगलेली. विधेयक पुढे सरकलं की पाटी उजवीकडच्या खिळ्यावर जायची आणि मामा तिच्यावर त्या पायरीचा पट्टा ओढायचा. मांडल्याचा पांढरा, समितीत गेल्याचा पिवळा, मंजुरीचा निळा, आणि शेवटी राज्यपालांची सही झाली की हिरवा. म्हणून तो पट्टेमामा. संगणकावरही हे सगळं दिसायचं म्हणे, पण संगणकाला पासवर्ड लागायचा आणि फळ्याला नुसते डोळे. त्यामुळे मंत्रीसुद्धा आपलं विधेयक जिवंत आहे की मेलं, ते जाता जाता फळ्यावरच बघून घ्यायचे.

ब्रशानं पट्टा कधी सरळ येत नाही. त्याच्या आधीच्या पट्टेवाल्यानं त्याला एक रीत शिकवली होती. ओल्या रंगाची कड उजव्या अंगठ्याच्या नखानं निपटून घ्यायची. पट्टा दोरी धरल्यासारखा सरळ येतो, पण तैलरंग नखात मुरतो तो मुरतोच. रॉकेलला दाद देत नाही. नख वाढून, कापून, टाकून द्यावं तेव्हाच जातो. अधिवेशन चालू असलं की मामाचा अंगठा लग्नातल्या बँडवाल्यासारखा रंगीबेरंगी असायचा. धाकटी बहीण म्हणायची, "दादा, तू बस, खा, पी, पण तो अंगठा माझ्या पिठाच्या डब्यापासून लांब ठेव."

बहिणीचं घर म्हणजे दगडखाणीच्या कामगारांच्या खोल्यांतली शेवटची खोली. दारात उभं राहिलं की खाण दिसायची आणि खडी फोडणाऱ्या यंत्राची घरघर ऐकू यायची. बहिणीचा नवरा, मामाचे दाजी, उभं आयुष्य त्या यंत्रापाशी उभे राहिले. दगड बाहेर पडला तो रस्त्यांवर गेला. धूळ मात्र दाजींच्या छातीत गेली आणि तिनं तिथंच बिऱ्हाड केलं. आता ते खाटेवर उशांना टेकून बसलेले असायचे. आडवं झालं की श्वास अडकायचा.

खाणीचा नियम साधा होता. खोली कामगाराची, कामगार गेला की खोली रिकामी. नवऱ्याचं दुःख करायचं तर ते सामान बांधता बांधता करायचं. खोल्यांचा मुकादम अलीकडे वारंवार तब्येत विचारायला यायचा, आणि विचारता विचारता खिडकीकडे असा बघायचा की पडदा केवढा लागेल ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं.

या सगळ्यावर एक विधेयक होतं. धुळीनं झालेलं छातीचं दुखणं हा कामावरचा अपघात मानावा, असल्या माणसाला औषधपाणी मिळावं, आणि त्याच्यामागे त्याच्या बायकोला त्याच खोलीत राहू द्यावं. एका आमदारानं ते मांडलं होतं. त्याच्या आवाजामुळे त्याला सगळे डरकाळी म्हणायचे. पांढरा पट्टा मामानंच ओढला, आणि पुढे पिवळाही. विधेयकात एक मेख होती, आणि ती बहिणीपासून लपवणं शक्य नव्हतं. कायदा लागू होईल त्या दिवशी जो कामगार जिवंत असेल, त्यालाच आणि त्याच्याच घरच्यांना लाभ. आधी गेलेल्यांना नाही.

दाजींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, "बरं. मग थांबतो मी."

तेव्हापासून मामा दर सुट्टीच्या दुपारी यायचा, दाजी विचारायचे, "कुठवर आलं विधेयक?" आणि मामा सावलीपासून सुरुवात करायचा.

समितीतली हकीकत त्यानं कितीतरी दुपारी पुरवली. समितीचे अध्यक्ष विधेयकावर कोपर ठेवून झोपले. कोपर उचलायचं तर ठराव हवा, ठराव मांडायचा तर अध्यक्षांची परवानगी हवी, आणि अध्यक्ष तर झोपलेले. सदस्यांनी आपसात चर्चा केली आणि अध्यक्षांची झोपमोड होऊ नये म्हणून सभा तहकूब केली. पुढच्या बैठकीला येतात तो अध्यक्ष तिथंच, कोपरही तिथंच. फक्त कुणीतरी त्यांच्या अंगावर शाल घातलेली.

दाजी हसायचे आणि हसण्यातून खोकला सुटायचा. बहीण पाठ चोळत मामाकडे डोळे वटारायची. खोकला शमला की दाजी म्हणायचे, "हसायला हवा लागते, मेहुणे. बेताबेतानं सांगत जा."

खरं काय झालं ते मात्र यापेक्षाही न पटण्यासारखं होतं, म्हणून मामानं ते कुणाला सांगितलंच नाही. डरकाळीनं सभागृहात या विधेयकासाठी एवढा आवाज चढवला की सरकारच्या कानठळ्या बसल्या, आणि सरकारनं त्याला मंत्री केलं. खातं मिळालं पशुसंवर्धनाचं. पेढे वाटले, हार पडले. आणि नियमाप्रमाणे, आमदाराचं खासगी विधेयक तो आमदार असेतोवरच जगतं. तो मंत्री झाला की ते आपोआप गळून पडतं, कारण मंत्र्यानं सरकारकडे मागायचं काय, आता तोच सरकार. हा नियम कुणी केला ते मामाला ठाऊक नव्हतं, पण करणाऱ्याला माणसांची पारख चांगली असावी.

मामा नव्या मंत्र्याच्या दालनात गेला. डरकाळीनं त्याला मिठी मारली. आता आपलंच राज्य आहे, काळजी कसली, पुढच्या अधिवेशनात कुणाला तरी मांडायला लावू, असं तो म्हणाला. मामानं विचारलं, कुणाला? तो म्हणाला, कुणालाही. आणि ते इतक्या मायेनं म्हणाला की मामाला पुन्हा विचारवेना.

अधिवेशन संपून काही महिने लोटले. गळून पडलेल्या विधेयकांच्या पाट्या घासून कोऱ्या करायच्या आणि पुढच्या विधेयकांना वापरायच्या, अशी तिथली रीत. लाकूड वाया जाऊ नये याबद्दल विधिमंडळ फार दक्ष. मामा व्हरांड्याच्या पायरीवर पॉलिशपेपर घेऊन बसला. ती पाटी त्यानं सगळ्यात शेवटी घेतली. आधी पिवळा गेला, मग पांढरा, मग अक्षरं. बारीक धूळ उडाली, नाकातोंडात गेली आणि मामाला ठसका लागला. कक्ष अधिकारी वरून म्हणाले, "मामा, तोंडाला रुमाल बांधा हो. असल्या धुळीनं छाती धरते." मामानं रुमाल बांधला. रुमालाआड माणसाचं तोंड कसं झालंय ते कुणाला दिसत नाही.

त्या आठवड्यात दाजींनी विचारलं, "कुठवर आलं?" मामाचं तोंड उघडलं, आणि जे इतकी वर्षं गंमत म्हणून बोलत आला ते आपोआप बाहेर आलं. कोपर उठलं, म्हणाला. समितीच्या खोलीत मुंग्या झाल्या, एक मुंगी अध्यक्षांच्या बाहीत शिरली, अध्यक्षांनी कोपर झटकलं, आणि सगळ्यांनी तो होकार समजून विधेयक बाहेर काढलं. दाजी ओठांच्या कोपऱ्यात हसले. "मग थांबतो," म्हणाले.

पुढच्या खेपेला चर्चा. त्याच्या पुढच्या खेपेला मतदान. सदस्य पुरेसे नव्हते, खिडकीतलं कबूतर विरोधी बाकावर बसलं ते मोजणीत धरलं, आणि बरोबरीची मतं पडली तेव्हा झोपेतल्या एका आमदाराला शिंक आली ती बाजूनं धरली. "निळा पट्टा, दाजी," मामा म्हणाला. "मंजूर." बहिणीनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि कितीतरी वेळ ते पुन्हा उचललंच नाही.

दाजी खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "शिंक चांगली होती."

आणि मग ती दुपार आली. दाजींना आता उशांनाही टेकवत नव्हतं. खाटेपुढे स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर कपाळ, असे ते दिवसरात्र बसून होते. प्रत्येक श्वास खोल विहिरीतून भरलेला पोहरा वर ओढावा तसा ओढत होते, आणि पोहरा वर येईतो त्यातलं निम्मं सांडत होतं. दवाखान्यातल्या बाईंनी बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे कशाच्या जोरावर चाललंय ते आम्हाला कळत नाही. बहिणीला ते कळत होतं, आणि मामालाही.

मामानं वाटेत सगळं ठरवलं होतं. हा माणूस कायद्यासाठी थांबलाय. कायदा आला नाही तर हा असाच ओढत राहील, आणि तो येणार तर नाहीच. खरं सांगावं तर त्याची इतके दिवसांची ओढाताण फुकट गेली, हे त्याच्या तोंडावर मारल्यासारखं. त्यापेक्षा झालं म्हणून सांगावं, सुटू द्यावं. बहिणीचं पुढे काय, तेही त्यानं बघून ठेवलं होतं. स्वतःच्या खोलीतली पत्र्याची पेटी खाटेखाली सरकवून तिच्या अंथरुणापुरती जागा तो सकाळीच करून आला होता. खोटं बोलायला बसलेला माणूस एवढी तयारी करत नाही, एवढी तयारी फक्त चोर करतो. पण मामाला त्या वेळी त्यातलं काहीच वाटलं नाही.

बूट काढायच्या आधीच तो म्हणाला, "दाजी, आता सांगतो त्यावर तुमची सावलीसुद्धा विश्वास ठेवायची नाही."

स्टुलावरचं डोकं जरासं वळलं.

मामानं त्या दिवशी जीव ओतला. राज्यपाल सहीला बसले तर पेनातली शाई संपलेली. दुसरं पेन आणलं, त्याचं टोपण निघेना. शिपायानं दातानं ओढलं तर टोपणाऐवजी दातच निघाला. शेवटी दारातल्या पहारेकऱ्याकडे हिशेब लिहायचं बॉलपेन होतं, त्यानं सही झाली, आणि राज्यपाल म्हणाले की एवढं सुखाचं पेन आपण आयुष्यात धरलं नव्हतं. फाईल व्हरांड्यात आली. सगळे फळ्याभोवती जमले. कक्ष अधिकाऱ्यांनी स्वतः स्टूल धरलं, मामा वर चढला, पाटी शेवटच्या खिळ्यावर टांगली, आणि हिरवा पट्टा ओढला. "असा सरळ, दाजी, की जन्मात ओढला नव्हता. झाला कायदा. खोली तुमची. कुणी हात लावू शकत नाही."

बहीण चुलीपाशी उभी होती, ती खालीच बसली. पदर तोंडाला लावून ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच ठाऊक. मग उठली, डोळे पुसले, आणि मुकादमाला सांगून येते म्हणाली. तो परवा दाराची मापं घेऊन गेला होता. त्याच्या तोंडावर सांगायचं होतं तिला. चपला न घालताच ती गेली, आणि रांगेतल्या पहिल्या खोलीपासून तिचा आवाज ऐकू येऊ लागला. एवढ्या वर्षांत तो आवाज एवढा मोठा कधी झाला नव्हता.

मामा खाटेच्या कडेला बसला. आता दाजी डोळे मिटतील, असं त्याला वाटलं. तो तयार होता, तरी तयार नव्हता.

दाजींनी हात पुढे केला. मामानं आपला हात त्यात दिला. निरोप असावा, असं त्याला वाटलं. दाजींनी तो हात हळूहळू उजेडाकडे नेला, मुठीतून अंगठा मोकळा केला, आणि त्यांच्या दगडासारख्या खरखरीत बोटानं त्याच्या नखावरून एकदा मुळापासून टोकापर्यंत फिरवून बघितलं. नख गुलाबी होतं. कोरं. लागलेला डाग माणसाला दिसतो, गेलेला डाग कधी गेला ते त्याचं त्याला कळत नाही.

बाहेर बहीण सांगत होती की दादानं स्वतः पट्टा ओढला, स्वतःच्या हातानं.

दाजींनी एक पोहरा ओढला. मग आणखी एक. बोलण्यापुरती हवा साठायला वेळ लागला.

"निळाही लागला नव्हता, मेहुणे," ते म्हणाले. "मुंगीच्या दिवशीच नख अर्धं कोरं झालं होतं. कायदा झालेला नाही." आणि पुन्हा हवा साठवून, "आता एवढं खरं सांगा. थांबू का?"