दारातली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. तुमच्या खिशात मावणाऱ्या चपट्या किल्ल्यांसारखी मला समजू नका. मी वीतभर लांब आहे, लोखंडाची आहे आणि माझ्या डोक्याची कडी इतकी मोठी आहे की तिच्यातून लहान मुलाचा हात सहज जाईल. दूरच्या एका बेटावरच्या बिर्गू गावात, बंदराच्या वरच्या अंगाला, एका अरुंद गल्लीतल्या हिरव्या दाराची मी किल्ली. ज्या लोहारानं मला घडवलं तो खाली गोदीत जहाजांची कामं करायचा. मला तो मोकळ्या वेळात ठोकत बसला, म्हणून माझी नक्षी जरा वाकडी आली आहे.

आमच्या गल्लीत किल्लीची जागा घरात नसते. सकाळ झाली की घरची बाई मला दाराला बाहेरून लावून ठेवायची. मला फिरवलं की खिट्टी उचलली जाते, मग शेजारपाजारच्यांनी यावं, मीठ न्यावं, गप्पा माराव्यात. पाववाला वेन्झू तर गाडीचा भोंगा वाजवून थेट आत शिरायचा आणि टेबलावर पाव ठेवून निघून जायचा. दिवे लागले की मला आत घ्यायचे. माझी मालकीण पाउलिना आणि समोरची चेत्ता या दोघी बालमैत्रिणी होत्या. चेत्ता रोज सकाळी मला फिरवायची. तिच्या हाताला कायम लसणाचा वास यायचा. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू?

घरात कोणी गेलं तर मात्र मला दारातून काढून घेत. पाउलिनाचा नवरा वारला तेव्हा मी चाळीस दिवस आत होते. किल्ली नाही म्हणजे घरात दुःख आहे, माणसांना एकटं राहायचं आहे, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही कळे. मग कोणी दाराला हात लावत नसे. एकेचाळिसाव्या दिवशी पाउलिनानं मला पुन्हा बाहेर लावलं आणि पाच मिनिटांत चेत्ता पातेलं घेऊन आत आली.

पुढे पाउलिनाही गेली. तिच्या भाच्यानं घर विकलं आणि मला दारातच सोडून तो निघून गेला.

घर घेतलं इंगेर नावाच्या बाईनं. ती थंड मुलुखातली, डेन्मार्कची. साठी उलटलेली, उंच, पांढऱ्या केसांची. एकटीच आली होती. पहिल्याच दिवशी मला बाहेर लटकलेली पाहून तिनं कपाळाला हात लावला. तिला वाटलं, कोणीतरी विसरून गेलं. तिनं मला काढून घेतलं, रुमालानं पुसलं, माझं कौतुकही केलं. आणि खिडकीजवळच्या टेबलाच्या खणात ठेवून दिलं. दाराला दुसऱ्या दिवशी नवं कुलूप लागलं.

मित्रांनो, कौतुक करून अडगळीत टाकणं यासारखं दुःख नाही.

खणात माझ्या सोबतीला मेणबत्तीचे तुकडे होते, सुतळी होती आणि एक पुरुषाचा चष्मा होता. चष्मा फारसा बोलका नव्हता. अधूनमधून इंगेर खण उघडायची, चष्मा हातात घ्यायची, त्याच्या काचा पदराएवढ्या मोठ्या शालीनं पुसायची आणि परत ठेवायची. ती फोनवर बहिणीशी बोलायची त्यावरून मला कळलं, की तो तिच्या नवऱ्याचा, आक्सेलचा. दोघांनी मिळून म्हातारपणी इथे राहायचं ठरवलं होतं. सामान बांधायला सुरुवात झाली आणि तो गेला. ती तशीच आली.

इंगेरनं मनापासून प्रयत्न केले. बाजारात जाऊन आमच्या भाषेत टोमॅटो मागायला शिकली. गल्लीत सगळ्यांना हसून नमस्कार करायची. सगळे हसून उत्तरही देत. पण घरी कोणी म्हणजे कोणी येत नसे. ती दोन कप मांडायची आणि संध्याकाळी एक कप न वापरताच फडताळात ठेवायची. दोन हिवाळे असे गेले. "इथली माणसं चांगली आहेत गं," ती बहिणीला म्हणाली, "पण त्यांना मी नको आहे." मी खणात होते. मला ओरडायला तोंड असतं तर!

कारण खिडकीतून गल्लीतलं सगळं मला ऐकू यायचं. चेत्ता समोरच्या पायरीवर बसून आमच्या दाराच्या रिकाम्या भोकाकडे बघत राहायची. पाउलिना गेल्यापासून तिलाही जायला घर उरलं नव्हतं.

"अहो चेत्ताबाई, एकदा दार वाजवून तर बघा," वेन्झू म्हणायचा.

"किल्ली नसलेलं दार वाजवू? मला आईनं असं वाढवलं नाही."

"मग बसा पायरीवर अंडी उबवत."

"तू पाव दे आणि चालू लाग. दुःखातल्या माणसाला छळायचं नसतं. लावील ती किल्ली, तिचं तिला वाटेल तेव्हा."

अखेर इंगेरनं घर विकायचं ठरवलं. दलाल म्हणाला, जुनी किल्ली असेल तर शोधून ठेवा, गिऱ्हाइकांना अशा वस्तू आवडतात. गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी यायची होती. इंगेरनं मला खणातून काढलं, तेल लावलं आणि जुन्या भोकात घालून फिरवून पाहिलं. मी कुरकुरले, पण फिरले. इतक्यात आत फोन वाजला. ती धावत आत गेली, वाऱ्यानं दार लागलं, नवं कुलूप उघडंच होतं, आणि मी बाहेरच राहिले.

समोर चेत्ता उठून उभी राहिली. मला तिनं डोळे बारीक करून पाहिलं. मग घरात गेली आणि पावट्याच्या कढणाचं पातेलं घेऊन आली. लसणाचा वास जवळ आला, ओळखीचा हात माझ्यावर पडला. मला रडू आलं असतं.

इंगेर फोन ठेवून वळली तर स्वयंपाकघरात चेत्ता बशा शोधत होती.

"तुम्ही आत कशा आलात?"

"दारानं. अगं, बशा इथे असायच्या, हलवल्यास कुठे?" चेत्ता म्हणाली. मग पातेलं खाली ठेवून तिनं हळूच विचारलं, "झालं ना तुझं? आमच्याकडे किल्ली चाळीस दिवस आत ठेवतात. तुझे चाळीस दिवस काही संपेनात. आम्ही वाट बघत होतो. कोण गेलं तुझं?"

इंगेर खुर्चीवर बसली. तिनं खण उघडला आणि चष्मा चेत्ताच्या हातात दिला.

"आक्सेल," ती म्हणाली. "इथे आल्यापासून मला हे कोणी विचारलंच नव्हतं."

चेत्तानं चष्मा उजेडाकडे धरून पाहिला. "दूरचं कमी दिसायचं वाटतं त्याला. नाव परत सांग, नीट." इंगेरनं सांगितलं. चेत्तानं ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा चुकवलं. इंगेर हसली, आणि हसता हसता खूप रडली. चेत्तानं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "आता जेव. गार झालं की त्याची मजा जाते."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली तेव्हा टेबलावर वेन्झूनं ठेवलेला पाव होता आणि मी दारात होते. किल्ली दाखवा म्हणाले. इंगेर म्हणाली, "ती विकायची नाही. घरही नाही."

या गोष्टीलाही आता बरेच दिवस झाले. चेत्ताचे गुडघे पार धरले आहेत, गल्ली ओलांडणं तिला जमत नाही. माझ्यावर तिचा हात पडत नाही, याचं मला वाईट वाटतं. वाट बघणं माझ्या नशिबीच आहे. पण खणात वाट बघण्यापेक्षा दारात बघणं बरं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या शेजारी कोणी परकं राहायला आलं आणि त्यांचं दार बंद दिसलं, तर आमच्या गल्लीसारखं नुसतं शहाण्यासारखं थांबू नका. एकदा जाऊन विचारा. बिचाऱ्यांना तुमची रीत ठाऊक नसेल.

आता रोज सकाळी इंगेरच समोर जाते आणि चेत्ताच्या दारातली किल्ली फिरवते. तो आवाज मला इथे ऐकू येतो. चेत्ताच्या घरात भिंतीशी पाउलिनाचा फोटो आहे, त्याच्यापुढे दिवा असतो, आणि शेजारी आक्सेलचा चष्मा. चेत्तानंच तो तिथे ठेवायला सांगितला. म्हणाली, "खणात एकटा कशाला? इथे आमची पाउलिना आहे, ती त्याच्याशी बोलेल."