मला टांगून तर बघा

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे आणि मित्रांनो, मला बोलायचं म्हटलं की मार खावा लागतो. आज सकाळीच चांगला दणदणीत खाल्लाय, म्हणून आवाज मोकळा आहे. तोवर ऐकून घ्या.

मी मूळचा काचीगुडा स्टेशनचा. माझ्या पाठीवरून गाड्या धावल्या. पुढं रूळ बदलले, तेव्हा मला कापून बाजूला टाकलं. स्टेशनमागच्या गल्लीत एक मराठी शाळा होती. तिथल्या हेडमास्तरांनी मला मागून आणलं आणि व्हरांड्यात साखळीला टांगलं. लोखंडी दांड्याचा पहिला टोला बसला आणि मीच दचकलो. आपल्या पोटात एवढा आवाज आहे, हे मला कुठं ठाऊक होतं!

तेव्हापासून शाळा माझ्या शब्दावर चालली. सकाळी मी वाजलो की पोरं तोंडं वाकडी करायची आणि सुटताना वाजलो की तीच पोरं माझ्यावर खूश. पण माझा खरा मान गल्लीत होता. गल्लीला एकच नळ, तो शाळेच्या फाटकापाशी, आणि पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. सुशीलाबाई तेव्हा नव्यानंच शिकवायला लागल्या होत्या. नळ फुसफुसला की त्या वर्ग तसाच टाकून यायच्या आणि मला वाजवायच्या. टण टण, जरा थांबून पुन्हा टण टण. ही पाण्याची घंटा. मराठी घर असो, तेलुगू असो की उर्दू बोलणारं, घागरी घेऊन सगळ्या बायका धावत सुटायच्या. माझी भाषा सगळ्यांना कळायची, याचा मला भारी गर्व होता.

मग घरोघरी नळ आले. मुलं दुसऱ्या शाळांत गेली आणि आमची शाळा बंद पडली. सुशीलाबाई इथून जवळच चिक्कडपल्लीला मुलाकडे राहायला गेल्या. माझ्यावर कबुतरं बसायला लागली. कितीतरी वर्षं मला कुणी एक टोलासुद्धा दिला नाही. फार वाईट दिवस होते ते.

एक दिवस प्रमोदराव आणि मेधा आले. प्रमोदराव याच गल्लीतले, बँकेतून निवृत्त झालेले. मेधा पुण्याची, नोकरीसाठी इथं आलेली, विद्यानगरला राहणारी. काचीगुड्याचा इतिहास जमवायचं वेड दोघांनाही लागलं होतं. दर रविवारी म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, जुने फोटो मिळवायचे, हेच त्यांचं काम. शाळेचा एक वर्ग त्यांना प्रदर्शनासाठी मिळाला होता. मला बघून मेधा म्हणाली, हा उघड्यावर नको, चोरीला जाईल. तिनं मला साखळीवरून उतरवून घेतलं, गोणपाटात गुंडाळलं आणि नीट कोपऱ्यात ठेवलं. तो कोपरा मोडक्या बाकांचा होता. दुसऱ्या दिवशी बाकं न्यायला भंगाराची गाडी आली आणि बाकांबरोबर मीही गेलो. काय म्हणावं या जपण्याला!

भंगारवाले खाजाभाई. त्यांच्या आवारात माझ्यासारखे रुळाचे तुकडे ढिगानं पडले होते, सगळे तांबेरलेले आणि टोकाशी भोकं असलेले. संध्याकाळी लॉरी भरून सगळे भट्टीला जाणार होते. आता वितळायचं, हे मला कळून चुकलं.

दुपारी मेधा आणि प्रमोदराव धापा टाकत आले. मेधाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मोबाइलमधला माझा फोटो तिनं एकेका तुकड्याशी लावून पाहिला, पण आम्ही सगळे सारखेच दिसत होतो. मग दोघं पॉलिशपेपरनं गंज घासून रुळांवर उमटवलेली अक्षरं शोधायला लागले. माझी अक्षरं कधीच झिजून गेली होती. मी मनात ओरडत होतो, अरे वाचता काय, वाजवा!

अखेर मेधाला सुचलं. तिनं एक हातोडी घेतली आणि जमिनीवर पडलेल्या आम्हाला एकेक ठोकत आली. माझी पाळी आली. मी सगळा जीव एकवटला आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, थड्. मेधा पुढं सरकली. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही.

इतक्यात प्रमोदरावांना एक तुकडा सापडला, त्यावर रेल्वेची अक्षरं आणि साल अगदी स्पष्ट होतं. ते हळूच म्हणाले, हाच नेऊ, याच्यावर निदान वाचता तरी येतं, आणि प्रदर्शनात कोण विचारायला बसलंय? बाहेर लॉरी येऊन उभी राहिली होती. खाजाभाईंची माणसं एकेक तुकडा वर फेकू लागली. मेधानं त्या अक्षरवाल्या तुकड्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. "त्यानं कधी शाळा भरवलीच नाही, काका," असं म्हणून तिनं सुशीलाबाईंना फोन लावला.

सुशीलाबाई ऑटोतून उतरल्या तेव्हा मी लॉरीच्या अगदी जवळ पोचलो होतो. मेधा रडवेली होऊन सांगायला लागली की सगळे वाजवून पाहिले, एकही बोलत नाही. बाईंनी ढिगाकडे पाहिलं आणि शाळेतल्यासारख्याच करड्या आवाजात म्हणाल्या, "अगं, जमिनीला टेकलेली घंटा वाजते का कधी? टांग त्यांना."

खाजाभाई आधी वैतागले. मग बाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहून म्हणाले, "हौ अम्मा, टांग देते." भंगार तोलायच्या काट्याच्या आकड्याला ते एकेक तुकडा अडकवू लागले. अक्षरवाला वाजला. बाईंनी नकारार्थी मान हलवली. आणखी काही वाजले, मान हलतच राहिली. लॉरीवाला हॉर्न देत होता. मग आकडा माझ्या भोकात शिरला आणि मी जमीन सोडली. कितीतरी वर्षांनी माझ्याखाली हवा आली. बाईंनी हातोडी मारली.

टण!

बाईंनी मान डोलावली आणि हातोडी खाली ठेवली. त्यांनी माझ्यावर तळवा टेकवला आणि माझी थरथर संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मेधा मात्र हुंदके द्यायला लागली.

आज सकाळी प्रदर्शन उघडलं. मेधानं माझ्यासाठी काचेची पेटी करून घेतली होती. सुशीलाबाईंनी त्या पेटीत शाळेचे फोटो ठेवायला लावले आणि मला पुन्हा जुन्या साखळीला टांगलं. मग दांडा हातात घेतला. टण टण, जरा थांबून पुन्हा टण टण. समोरच्या घराचं दार उघडलं. पूर्वी घागर घेऊन नळावर धावणाऱ्या, आता वाकलेल्या राजम्मा प्लॅस्टिकची बादली घेऊन लगबगीनं बाहेर आल्या. "नीळ्ळु वच्चाया?" पाणी आलं का, असं विचारलं आणि मग स्वतःच्याच हातातल्या बादलीकडे बघत राहिल्या. सुशीलाबाईंनी गल्ली ओलांडून त्यांचा हात धरला. दोघी कितीतरी वेळ हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तू जपा, पण त्यांना गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवू नका. या गल्लीत आलात तर मला एक टोला देऊन जा. मार मी सोसेन. गप्प बसणं मला सोसत नाही.