वेंडेलच्या रंगाची मढी

माझा हात लागल्याशिवाय आमच्या गावात बावीस वर्षांत कोणी मातीत गेलेलं नाही. ही बढाई नाही, हिशेबच तसा आहे. आठवडाभर मी दुकानात बायकांच्या केसांना रोलर लावते, आणि कोणी गेलं की हॅवरकॅम्प यांचा फोन येतो, "आर्डिथ, डबा घेऊन ये." मग त्यांच्या अंत्यविधीगृहाच्या तळघरात माझं काम चालतं. पावडर, गालाला लाली, ओठांना जरा रंग, केस नीट बसवायचे. लोक शेवटचं बघायला आले की म्हणतात, "अगं बाई, झोपल्यासारखेच वाटतायत!" तेवढं कानावर पडलं की मी भरून पावते.

म्हणूनच बहात्तर सालच्या ऑगस्टमध्ये सिनेमावाले आले आणि विचारायला लागले, की इथे मढ्यांची रंगरंगोटी कोण करेल, तेव्हा अख्ख्या गावाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यात कोणाचं काय चुकलं?

सिनेमावाले म्हणजे तरी कोण, स्किप डोलन नावाचा चोवीस वर्षांचा केसाळ मुलगा आणि त्याचे चार मित्र. तोवर त्याने एका गादीवाल्याच्या जाहिराती काढलेल्या. आता सिनेमा काढत होता. कबरीतून मढी उठतात आणि शेतकऱ्याला खातात, संपली गोष्ट. चाळीस मढी हवी होती. मोबदला काय, तर दुपारचं जेवण आणि आमच्या मूनबीम ड्राइव्ह-इनच्या, म्हणजे गाडीत बसून सिनेमा बघायच्या मैदानाच्या, पडद्यावर तीस फुटी थोबाड. गावाने रांग लावली. पास्टर एबरसोल तर पहिले. म्हणे, मेलेले उठणं आमच्या विषयातच येतं.

त्या रांगेत एक्केचाळिसावा माझा नवरा होता, हे मला तिसऱ्या माणसाकडून कळलं.

वेंडेल एकतीस वर्षं टायरच्या कारखान्यात होता. फुप्फुसांत काय काय जाऊन बसलंय ते डॉक्टरने एप्रिलमध्ये फोटो दाखवून सांगितलं होतं. नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण बघेल, नाताळचं सांगता येत नाही. त्या दिवसापासून त्याने विषय काढला की मी नळ सोडायची आणि भांडी घासायला लागायची. आमची भांडी इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी त्याला म्हटलं. "मढं व्हायला निघालास?"

"होणारच आहे. जरा सराव करतो."

"चूप बस!"

"आर्डी, ऐक तरी. माझं कोण करणार?"

मला कळलं तो काय विचारतोय. आमच्या धंद्यात आपल्या माणसाला आपण हात लावत नाही. हात कापतो, पावडरीवर पाणी पडतं. अशा वेळी शेजारच्या गावची ओपल स्ट्राउड येते. ओपलकडे एकच रंग, नारिंगी.

"ओपलने तिच्या गावच्या क्लाइडचं काय केलं होतं आठवतंय ना?" वेंडेल म्हणाला. "ऑक्टोबरातला भोपळा दिसत होता बिचारा. त्याची बायको शवपेटीशी रडायचं सोडून हसली. मला ओपल नको. तू करशील का, तेवढं सांग."

मी नळ सोडला.

शूटिंग हार्लन खाटकाच्या शेतावर होतं, भर दुपारी. कॅमेऱ्यावर निळी काच लावली की त्याची रात्र होते म्हणे. लोकांच्या हातात पेटते कंदील आणि वर ऑगस्टचं ऊन. सिनेमासाठी खणलेल्या खोट्या कबरस्तानात उभं राहून पास्टर टोपीने वारा घेत होते.

मी सकाळी सातला कामाला लागले. माणसाला पुरताना चांगले कपडे घालतात, म्हणून सगळे आपापला चर्चचा सूट घालून आले होते. मी डबा उघडला आणि बावीस वर्षांची सवय हातात उतरली. आधी कात्री. मेलेल्याचे हात वळत नाहीत, म्हणून आम्ही अख्खा सूट, कोट-पँट दोन्ही, मागून मानेपासून खालपर्यंत फाडतो आणि पुढून चढवतो. मी गप्पांच्या नादात चौदा सूट फाडले तरी माझ्या लक्षात आलं नाही, की ही माणसं जिवंत आहेत आणि त्यांनी सूट आधीच घातलेत.

"आर्डिथ," हार्लन हळूच म्हणाला, "मागून वारा लागतोय गं."

"मेलेल्याला वारा लागत नाही. सरळ उभा राहा."

त्या सिनेमात एकही मढं कॅमेऱ्याकडे पाठ का करत नाही, यावर पुढे कोणीतरी वर्तमानपत्रात लांबलचक लिहिलं. खरं कारण हे. आमच्या पास्टरांच्या चड्डीवर बदकं होती.

चेहऱ्यांचंही तेच झालं. दहाला स्किप आला, रांग बघितली आणि मटकन खाली बसला. "बाई, हे काय? ही मढी आहेत? ही तर लग्नाला निघालीत!" पाहिलं तर खरंच. गुलाबी गाल, चापून बसवलेले केस, ओठांवर शांत हसू. हार्लनची बायको लेटी आरशासमोरून हलायला तयार नव्हती. म्हणाली, "आर्डिथ, अशी तर मी लग्नातही दिसले नव्हते. मी मेल्यावर हेच कर हं."

स्किप डोकं धरून रांगेतून चालत गेला. तिसरा गुलाबी, दहावा गुलाबी, विसावाही गुलाबी. आणि टोकाला घडीच्या खुर्चीवर वेंडेल बसलेला. त्याला मी अजून हात लावला नव्हता.

"हा!" स्किप ओरडला. "हा बघा! याला कोणी रंगवलं? काय काम आहे! डोळ्यांखालचं बघा, ओठ बघा! बाई, असे हात असताना लपवलेत कशाला? याला आता बोटही लावू नका. सगळ्यांना असंच करा!"

पास्टर बुटांकडे बघायला लागले. माझ्या हातातला पफ खाली पडला. त्या पोराचा गळा दाबावा असं मला मनापासून वाटलं, आणि तेवढ्यात वेंडेल हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकला दोन मिनिटं पुरला, तोवर सगळे पुतळे होऊन उभे. मग डोळे पुसत तो म्हणाला, "पोरा, हा रंग डबीत मिळत नाही. एकतीस वर्षं लागतात."

कोणीतरी स्किपच्या कानात सांगितलं. त्याचा चेहरा असा उतरला, की त्यालाही रांगेत उभं करता आलं असतं. पण सिनेमा तर व्हायलाच हवा होता, आणि नमुना समोर बसला होता.

"कर की," वेंडेल मला म्हणाला. "मी हलत नाही."

आता खरं सांगते. एप्रिलपासून मी नवऱ्याकडे बघितलं नव्हतं. त्याच्या ताटाकडे बघायची, गोळ्यांच्या बाटलीकडे बघायची, चेहऱ्याकडे नाही. त्या दिवशी बघावंच लागलं. पांढऱ्यात राख किती, पिवळा किती, नखांखालचा निळा कुठला, कानशिलं किती आत गेलीत. चाळीस वेळा मान वळवून बघितलं आणि चाळीस वेळा रंग कालवला. एक वाजेपर्यंत अख्खं गाव माझ्या नवऱ्याचा चेहरा घालून लिंबूसरबत पीत उभं होतं. लेटी रडत होती आणि रंग बिघडतो म्हणून मी तिच्यावर खेकसत होते.

"हार्लनला डोळ्यांखाली अजून दे," वेंडेल खुर्चीतून म्हणाला. "मला जास्त आहे."

"तू मला शिकवू नकोस."

सगळे संपल्यावर तो उठून माझ्यासमोर येऊन बसला. "आता माझं."

"तुला हात लावू नका म्हणाला तो."

"तो गेला खड्ड्यात. तू कर. लग्नाला निघाल्यासारखं."

मी केलं. हात कापत होता, त्याला दिसत होतं. त्याने आरसा धरला आणि चुका काढायला लागला. "लाली कमी कर, मी काही बँडपुढे नाचणारी पोरगी नाही. भांग डावीकडे." आणि मग त्याने शांतपणे डोळे मिटले.

"डोळे उघड!" मी एवढ्या जोरात ओरडले, की कबरीतली तीन मढी दचकून वर आली.

"अगं, तुला मिटलेल्यांचीच सवय ना?"

"तुझी नाही."

त्याने डोळे उघडले. "मग? तू की ओपल?"

शेतात नळ नव्हता. मी डबा खाडकन बंद केला आणि गाडीमागे जाऊन उभी राहिले.

सिनेमा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मूनबीमला लागला. वेंडेलला दोन गोधड्यांत गुंडाळून मी गाडीत बसवलं आणि सिनेमाचा आवाज ऐकायचा स्पीकर खिडकीला अडकवला. सगळं गाव आलं होतं. ज्याचं माणूस पडद्यावर दिसेल तो हॉर्न वाजवायचा, त्यामुळे एक संवाद धड ऐकू आला नाही. नुकसान काही झालं नाही, संवाद स्किपने लिहिले होते. लेटी आली, पों पों. पास्टर आले, चर्चची अख्खी गायनमंडळी, पों पों पों.

मग मढी शेतकऱ्याला खायला बसली. हात म्हणून लाल पाकात बुडवलेल्या कोंबडीच्या तंगड्या होत्या. चाळीस राखाडी तोंडांमध्ये एक गुलाबी माणूस, डावीकडे भांग, निवांत तंगडी चघळतोय. मध्येच त्याने दातात काडी घातली. वेंडेल तीस फुटी झाला होता आणि पाच वर्षांत दिसला नव्हता इतका धडधाकट दिसत होता.

आणि मैदान चिडीचूप झालं. एकही हॉर्न नाही. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या शेजारी गोधडीत बसलेला माणूस त्या बाकीच्या चाळीसांच्या रंगाचा होता.

"बरा दिसतोय," तो म्हणाला.

"मी केलंय, बरा दिसणारच." मी त्याच्या गळ्याशी गोधडी खोचली. "ओपल तुला बोट लावणार नाही, वेंडेल. मीच करीन. हात कापला तर कापला."

गोधडीतून हात काढून त्याने माझ्या हातावर ठेवला, बर्फासारखा गार. मी तो उचलला, हॉर्नवर ठेवला, वर माझा ठेवला आणि दाबला. दाबूनच धरला. पडद्यावरचा शेतकरी संपला तरी सोडला नाही.

पुढच्या गाडीतून कोणीतरी परगावचं तोंड बाहेर काढून ओरडलं, "ओ बाई, बंद करा! सिनेमा ऐकू येत नाहीये!"

मी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "गप्प बस रे! नवरा आहे माझा!"