एकोणीस प्रती, एकच डिस्क

दर रविवारी आंघोळ उरकली की बाबा कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि आईच्या शिवणकामाचे सगळे नमुने 'सी'मधून 'डी'मध्ये उतरवून ठेवायचे. दर वेळी नवं फोल्डर. 'कटिंग', 'कटिंग नवे', 'कटिंग नवे खरे', 'कटिंग शेवटचे', 'कटिंग अगदी शेवटचे'. अशी एकोणीस झाली. जागा पुरेना, म्हणून गेल्या रविवारी त्यांनी 'सी'मधले मूळ नमुनेच पुसून टाकले. कागदी नमुने तर स्कॅन झाल्या झाल्या रद्दीत गेले होते.

आज कॉम्प्युटरमधून टकटक आवाज यायला लागला तेव्हा त्यांनी थोरल्या लेकीला फोन केला. ती आपली बाहेरची डिस्क पिशवीत टाकून आली आणि आवाज ऐकताच तिने कपाळाला हात लावला.

"डिस्क जायला आलीय, बाबा. प्रत कुठे ठेवलीय?"

"डीमध्ये. एक सोडून एकोणीस."

"अहो, सी आणि डी मिळून एकच डिस्क. खोलीत मध्ये पडदा लावला म्हणून घरं दोन होतात का? छप्पर बसलं की पडद्याच्या दोन्हीकडचे चेपतात."

"मग अक्षरं दोन कशाला दिली त्यांनी?"

"खास तुम्हाला फसवायला."

आई गळ्यात टेप अडकवून दारात उभी होती. उद्या सकाळी शाळेच्या साठ गणवेशांचं कापड कापायचं होतं आणि त्यांचे नमुने याच डबड्यात होते.

"भांडण मागाहून करा. माझे नमुने निघतायत का, तेवढं सांगा."

"एखादं फोल्डर निघेल, एवढीच धुगधुगी आहे. सगळ्यांत नवं कुठलं?"

"अगदी शेवटचे," बाबा ठासून म्हणाले. मग चाचरले, "नाहीतर 'खरे शेवटचे' असेल."

तारखा बघाव्यात, तर सगळ्यांवर गेल्या रविवारची. त्या दिवशी बाबांनी आवराआवर केली होती. थोरलीने दात-ओठ खाल्ले.

"ज्यात डॉक्टरीणबाईंचा कोट असेल ते घे," आई म्हणाली. "तो मी सगळ्यांत शेवटी काढला."

एकेक उघडत सातव्या खेपेला कोट असलेलं फोल्डर सापडलं. कॉपी सुरू झाली. फाइली अक्षरांच्या क्रमाने एकेक सरकत होत्या आणि डिस्क दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी मध्येच थांबत होती. पाऊण काम झालं, शेवटची टक झाली, आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला.

थोरलीने बाहेरची डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली. 'अ'पासून 'व'पर्यंत सगळं आलं होतं. 'शाळा' काही आली नव्हती.

"तरी बरेच वाचले की," बाबा पुटपुटले.

"बाबा, आता एक शब्द नको."

आईने कपाट उघडून गेल्या वर्षीचा उरलेला एक गणवेश काढला, कात्रीशेजारी मेजावर पसरला आणि टाके उसवायची सुई बाबांच्या हातात दिली.

"हा उसवून कागदावर आखायचा. एकेक टाका काढा, ओढाओढ नको. कापड ताणलं की साठच्या साठ शर्टांना बगल घट्ट बसेल."

बाबांनी चष्मा पुसला. थोरलीने मेजावरचा दिवा त्यांच्या हातांजवळ ओढला.

"बाहीपासून करू की कॉलरपासून?" त्यांनी हळूच विचारलं.